बर्फातलं वेल्स, सोबत मित्र आणि कुत्री: कुठला डोंगर निवडावा?

वेल्समधल्या डोंगरांची उंची ऐकून सह्याद्रीत फिरलेला माणूस निवांत होतो. सर्वांत उंच स्नोडन, म्हणजे वेल्श नावाने अर विद्वा, 1085 मीटर. आपलं कळसूबाई 1646. दक्षिणेतला पेन-अ-व्हान तर अवघा 886 मीटर, आणि गाडीतळापासूनचा चढ सिंहगडाच्या आतकरवाडीच्या वाटेपेक्षाही कमी. पण ही तुलना जूनमध्ये चालते. डिसेंबरात तिथे सूर्य आठनंतर उगवतो आणि चारच्या सुमारास मावळतो. बर्फही धड टिकत नाही. दुपारी वितळतो, रात्री गोठतो, आणि काल घोट्यापर्यंत भुसभुशीत असलेली वाट आज टणक, गुळगुळीत झालेली असते. त्यामुळे कोणता डोंगर उंच, कोणता नावाजलेला, हे सोडा. पाय घसरला तर आपण कुठे जाऊन थांबू? वाटेत कुठूनही मागे फिरता येईल? आणि कुत्रं सोबत असेल तर हात मोकळे राहतील का? मी डोंगर निवडतो तो या तीन प्रश्नांवर.

हिवाळ्यात पहिल्यांदाच जाणारे मित्र असतील तर पेन-अ-व्हान. ब्रेकन बीकन्समधला (2023 पासून उद्यानाचं अधिकृत नाव बानाय ब्रचैन्योग) हा सपाट माथ्याचा डोंगर. पॉन्ट अर डावच्या गाडीतळावरून जाऊन येऊन साडेसहा किलोमीटरच्या आसपास, चढ साडेचारशे मीटर. वाट दगडांनी बांधलेली, रुंद, दोन्ही बाजूंना गवताळ उतार. घसरलात तर बहुतेक ठिकाणी बुडावर आपटून तिथेच थांबाल. बुटाला अडकवायचे छोटे दातेरी स्पाइक्स बहुधा पुरतात. मागे फिरायचं ठरलं तर आलेल्या वाटेनेच तासाभरात गाडीपाशी.

मग वाईट काय? एक म्हणजे गर्दी. बर्फ पडल्याची बातमी आली की शनिवार-रविवारी सकाळीच गाडीतळ भरतो आणि माथ्यावरच्या पाटीसोबत फोटो काढायला रांग लागते. दुसरं, माथ्याची उत्तरेकडची कडा. वाऱ्याने बर्फ कड्याच्या पुढे छज्जासारखा वाढतो. वरून जमीन वाटते, खाली काहीच नसतं. माणसाला सांगून कळतं, कुत्र्याला नाही. त्यामुळे शेजारच्या कॉर्न डी शिखराच्या खिंडीपासून पुढे कुत्रं पट्ट्यावरच हवं, ते कितीही शहाणं असलं तरी. या डोंगराला सोपा म्हणणाऱ्यांनी कूम लूखच्या तळ्यावरचा स्मारकस्तंभ जरूर बघावा. 1900 च्या ऑगस्टमध्ये पाच वर्षांचा टॉमी जोन्स आजोबांच्या शेतावर जाताना चुकला आणि 29 दिवसांनी त्याचा मृतदेह वर धारेजवळ सापडला. तोही भर उन्हाळ्यात.

उत्तरेत जायचं ठरलं की सगळ्यांच्या तोंडी एकच नाव येतं. स्नोडनला जाणारी लानबेरिस गावाकडची वाट सर्वांत लांब आणि सर्वांत सौम्य. 1896 पासून चालणारी डोंगररेल्वे तिच्या शेजारूनच वर जाते. म्हणून लोक तिला सोपी समजतात, आणि खालचा निम्मा भाग खरंच सोपा आहे. प्रश्न आहे क्लॉग्विन स्टेशनच्या वरच्या टप्प्याचा. तिथे वाट आणि रूळ दोन्ही बर्फाखाली गाडले जातात आणि उरतो तो फक्त एक कलता, टणक पांढरा उतार. तो खाली जाता जाता तीव्र होतो आणि कड्यावर संपतो. सुरुवातीला उतार फारसा भीतिदायक दिसत नाही, हाच त्याचा धोका. इथे हिवाळ्यात माणसं मेली आहेत. क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे लांब पोलादी दाते) आणि आइस अ‍ॅक्स (बर्फात रोवायची कुऱ्हाड) हवेत, आणि वापरता यायला हवेत. स्पाइक्स इथे भागवून नेत नाहीत.

आता कुत्र्याचं बघा. पायात क्रॅम्पॉन, एका हातात अ‍ॅक्स, दुसऱ्या हातात पट्टा, आणि पट्ट्याच्या टोकाला वरून आलेल्या मेंढीकडे बघून उडी मारणारं वीस किलोचं जनावर. घसरल्यावर अ‍ॅक्सवर भार टाकून स्वतःला थांबवायला दोन्ही हात लागतात. पट्टा सोडला तर कुत्रं जातं, धरला तर दोघं. शिवाय क्रॅम्पॉनचा दात पंजावर पडला की काय होईल ते वेगळंच. ज्या उताराला अ‍ॅक्स लागते तिथे कुत्रं नको, इतका साधा नियम मी पाळतो. मायनर्स ट्रॅक आणि पिग ट्रॅक या स्नोडनच्याच दुसऱ्या वाटांच्या वरच्या नागमोडी चढालाही तो लागू आहे.

(याच डोंगराच्या दक्षिण पायथ्याला बेथगेलर्ट गाव आहे. बाळाला लांडग्यापासून वाचवणाऱ्या गेलर्ट कुत्र्याला त्याच्याच मालकाने, राजपुत्र लेवेलिनने, गैरसमजातून मारलं, अशी दंतकथा; त्याची 'कबर' इथे आहे. आपल्या पंचतंत्रातली ब्राह्मणी आणि मुंगसाची गोष्टच ती, फक्त साप जाऊन लांडगा आला. कबर अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या एका हॉटेलवाल्याने उभी केली म्हणतात. हवा बिघडली तर कुत्र्यांना घेऊन जायला उत्तम, नदीकाठची सपाट वाट.)

उत्तरेतल्याच कार्नेधाय रांगेबद्दल मतं वेगळी असतील. कार्नेद लेवेलिन 1064 मीटर, कार्नेद डाविद 1044, आणि मध्ये विस्तीर्ण गोलसर पठार. स्वच्छ दिवशी बर्फात कुत्र्यांना पळायला याहून मोकळी जागा वेल्समध्ये नाही. फक्त तिथल्या अर्धरानटी तट्टांपासून त्यांना लांब ठेवायचं. ढग उतरला की मात्र पांढरं आकाश आणि पांढरी जमीन यांतला फरक संपतो, आणि पठाराच्या कडेला मोठाले कडे आहेत. नकाशा-होकायंत्रावर चालणारा माणूस गटात नसेल तर जाऊ नका. फोनची बॅटरी थंडीत किती भरवशाची असते ते सगळ्यांना माहीत आहे.

राहिला मोएल ऐल्यो. 726 मीटर, म्हणून कोणी विचारत नाही. लानबेरिसहून निघून गवताळ सोंडेने माथा, पुढे धारेवरचे दोन छोटे उंचवटे, मग खिंडीतून माएसगूमच्या दरीतली रुंद वाट धरून परत गावात. बारा-तेरा किलोमीटर, चढ साडेसातशे मीटरच्या आसपास. माथ्यावर वाऱ्याला पाठ देऊन डबा खायला दगडी आडोसा आहे, आणि समोर अख्खा स्नोडन बर्फात. त्याच्यावर उभं राहून तो दिसत नाही, हा मुद्दा हट्टी मित्रांना जरूर सांगा. पूर्वेची बाजू तेवढी तीव्र आहे, तिकडच्या कडेला जायचं नाही.

वेळेचं गणित स्कॉटिश गिर्यारोहक नेस्मिथच्या 1892 च्या नियमाने करा: पाच किलोमीटरला एक तास, अधिक 600 मीटर चढाला एक तास. पेन-अ-व्हानला दोन तास, मोएल ऐल्योला पावणेचार, लानबेरिसच्या वाटेने स्नोडनला साडेचार. बर्फात हे निदान दीडपट धरा. म्हणजे स्नोडनला सात तास, आणि उजेड मिळणार जेमतेम आठ तास. त्यात थांबणं, चहा, फोटो आणि कुत्र्यांचे पंजे साफ करणं धरलेलं नाही.

ते पंजे किरकोळ समजू नका. स्पॅनियल, कॉकापू अशा लांब केसांच्या कुत्र्यांच्या पायांना ओला बर्फ चिकटतो. बोटांमध्ये आधी वाटाण्याएवढे, मग लिंबाएवढे गोळे होतात आणि कुत्रं तीन पायांवर चालू लागतं. ओढून काढले तर केसांसकट निघतात; हातमोजा काढून मुठीत धरून वितळवावे लागतात. निघण्याआधी बोटांमधले केस कापून व्हॅसलीन लावलं तर त्रास बराच कमी होतो. लॅब्रॅडॉरला ही कटकट नाही, पण तीस किलोच्या लॅब्रॅडॉरने वर पाय कापून घेतला तर खाली कोण उचलून आणणार, हे निघण्याआधी ठरवा. वाटेतल्या भिंतींवरच्या शिडीवजा पायऱ्यांवर त्याला उचलून बघितलं की उत्तर कळतं. गाडीपाशी आल्यावर पंजे धुवा, रस्त्यावर मीठ टाकलेलं असतं. आणि मेंढ्या दिसल्या की पट्टा आखूड: हिवाळ्यात त्या गाभण असतात, नुसत्या पळवल्या तरी गाभ जाऊ शकतो, आणि मेंढ्यांमागे लागलेल्या कुत्र्याला गोळी घालणाऱ्या शेतकऱ्याला ठरावीक परिस्थितीत कायद्याचं संरक्षण आहे.

कार्डिफ-ब्रिस्टलकडून येणाऱ्यांनी शक्यतो आडवारी पेन-अ-व्हान करावा, मँचेस्टर-लिव्हरपूलकडच्यांनी मोएल ऐल्यो. गटातले दोघं-तिघं स्नोडनसाठी अडूनच बसले आणि त्यांना अ‍ॅक्स वापरता येत असेल, तर सगळ्यांनी लानबेरिसहून एकत्र निघा, क्लॉग्विनच्या खाली गट फोडा. ते वर, बाकीचे कुत्र्यांसह खाली गावात. गट फोडायचं आदल्या रात्रीच ठरवा, कारण वर पोचल्यावर 'आणखी थोडं जाऊ' म्हणणारा प्रत्येक गटात असतोच. खाली उतरणाऱ्यांकडे गाडीची किल्ली आणि वरच्यांची परतीची वेळ लिहून ठेवा. ती वेळ बरीच उलटली आणि फोन लागत नसेल, तर 999 हा आणीबाणीचा नंबर लावून आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू (डोंगरातलं बचावपथक) मागायचं.