मागच्या चाकाचे स्टड: घरी बदलावेत की गॅरेजला द्यावेत?

पंक्चरच्या दुकानात नट तिरका धरला गेला आणि तसाच हवेच्या गनने आवळला, की स्टडचे, म्हणजे ज्या दांड्यावर चाकाचा नट बसतो त्याचे, आटे जातात. कधी पुढच्या वेळी नट उघडताना स्टडच तुटून हातात येतो. चार स्टडच्या गाडीत एक गेला तर त्याचा भार उरलेल्या तिघांवर पडतो, म्हणून तशी गाडी कसारा घाटात नेऊ नका. एकाच चाकाचे दोन गेले असतील तर त्या चाकाचे सगळेच नवे घाला.

काम घरी होईल का, हे ब्रेकच्या ड्रमवर ठरतं. ड्रम हबवरून, म्हणजे स्टड बसवलेल्या मधल्या भागावरून, नुसता सरकून निघत असेल, तर घरी जमतं. मारुतीच्या बऱ्याच लहान गाड्यांत मात्र ड्रम आणि बेअरिंग एकत्र असतात. तिथे मधला मोठा नट खोलावा लागतो, परत बसवताना तो नवा घ्यावा लागतो आणि नेमक्या टॉर्कवर (आवळण्याच्या जोरावर) आवळावा लागतो. अशी गाडी गॅरेजलाच द्या. फोक्सवॅगन-स्कोडाला स्टड नसतात, बोल्ट असतात; त्यांचा प्रश्नच वेगळा.

घरी करताना पुढच्या चाकांना उटी (अडसर) लावा, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि जॅकखेरीज स्टँडही द्या. हँडब्रेक सोडल्याशिवाय ड्रम निघत नाही. त्र्यंबक-इगतपुरीच्या पावसात फिरलेल्या गाडीचा ड्रम गंजून चिकटतो. त्यावर आटे पाडलेली दोन भोकं असतील तर त्यांत बरोबर मापाचे बोल्ट आलटून पालटून आवळा, ड्रम उचलला जातो. आतली धूळ फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा.

जुना स्टड सी-क्लॅम्पने (स्क्रूने आवळायच्या C आकाराच्या शिकंजाने) मागे ढकला. हातोडीचे घाव बेअरिंगला बसतात आणि काही दिवसांनी चाक घोंगावू लागतं. स्टड बाहेर काढायला मागे जागा मिळेपर्यंत हब फिरवत राहा. नवा स्टड मागून घाला, डोक्याजवळचे दाते जुन्या खाचांत बसवा, पुढून तीन-चार जाड वॉशर चढवा आणि जुना नट उलटा लावून पान्याने ओढा. डोकं हबला टेकलं की थांबा. तो नट नंतर टाकून द्या. स्टड जागीच फिरत असेल तर हबचं भोक झिजलंय. वेल्डिंग करू नका, हब बदला.

स्टड घेताना जुना सोबत न्या. मारुतीला 12×1.25, ह्युंदाई-होंडाला 12×1.5 आटे असतात (जाडी आणि दोन आट्यांतलं अंतर, मिलिमीटरमध्ये). शिवाय दात्यांचा व्यास आणि लांबीही जुळायला हवी.

गॅरेजला देणार असाल तर एवढंच विचारा: प्रेस (दाब देऊन स्टड बसवायचं यंत्र) आहे का, टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने आवळायचा पाना) आहे का? प्रेसवर स्टड सरळ बसतो, बेअरिंगही वाचतं. हब स्वतः खोलता येत असेल तर तो सुटा करून नाशिकच्या सातपूर किंवा अंबड एमआयडीसीतल्या प्रेसवाल्या वर्कशॉपला नेणं हा आम्हाला सगळ्यांत चांगला मार्ग वाटतो.

शेवटी नट कोरडेच आवळा, आट्यांना ग्रीस नको. ग्रीस असलं की त्याच टॉर्कला स्टड जास्त ताणला जातो. लहान गाड्यांना साधारण 85 ते 110 न्यूटन-मीटर लागतात, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. 50 ते 100 किलोमीटर झाले की पुन्हा तपासा.