समुद्रावरून मॉडेल विमान: नावेतून सोबत करावी की ऑटोपायलटवर सोडावे?

रेडिओ-नियंत्रित विमान मैदानावर सफाईने उडवता येऊ लागले, की किनाऱ्याजवळ राहणाऱ्या हौशी माणसाची नजर पाण्याकडे वळते, आणि पहिली चर्चा सुरू होते ती विमान इंजिनाचे घ्यावे की बॅटरीचे याची. माझ्या मते तो प्रश्न नंतरचा आहे. किनारा नजरेआड झाल्यावर विमान कोण चालवणार, हे आधी ठरले पाहिजे. कारण विमानाचा आकार, ऊर्जेचा साठा, खर्च, परवानगी आणि पाण्यात पडल्यास ते परत मिळण्याची शक्यता या सगळ्या गोष्टी त्यावरच अवलंबून असतात. मार्ग दोन आहेत. एक म्हणजे ट्रान्समीटर (विमानाला रेडिओ-आज्ञा देणारे हातातले यंत्र) घेऊन नावेत बसायचे आणि विमान सतत डोळ्यांसमोर ठेवत पलीकडे जायचे. दुसरा म्हणजे उड्डाणानंतर विमान जीपीएसच्या आधारे चालणाऱ्या ऑटोपायलटच्या स्वाधीन करायचे आणि पलीकडच्या किनाऱ्यावर थांबलेल्या जोडीदाराने ते उतरवून घ्यायचे.

इंग्लंड आणि फ्रान्समधली इंग्लिश खाडी रेडिओ-नियंत्रित मॉडेलने १९५४ मध्येच ओलांडली. ब्रिटनमधल्या ईडी कंपनीचे ‘रेडिओ क्वीन’ हे ते मॉडेल. ऑटोपायलटच्या मार्गाने अटलांटिक पार व्हायला मात्र १९९८ साल उजाडले. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये ‘लायमा’ नावाचे सुमारे १३ किलो वजनाचे एरोसोंड विमान कॅनडाच्या न्यूफाउंडलंडमधल्या बेल आयलंडवरून एका मोटारीच्या टपावरून सोडण्यात आले आणि २६ तास ४५ मिनिटांत सुमारे ३,२७० किलोमीटर कापून ते स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील हेब्रिडीज बेटांवर उतरले. ते हवामान-निरीक्षणासाठी बनवलेले विमान होते. खऱ्या अर्थाने हौशी म्हणावे असे यश ऑगस्ट २००३ मध्ये मेनार्ड हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मिळाले. त्यांचे ‘टॅम-५’ हे विमान न्यूफाउंडलंडमधल्याच केप स्पीअर येथून निघाले आणि जवळजवळ ३९ तासांनी आयर्लंडमध्ये क्लिफ्डनजवळच्या किनाऱ्यावर पोहोचले. अंतर सुमारे ३,०३० किलोमीटर. मॉडेलच्या जागतिक विक्रमांसाठी घातलेली पाच किलोची मर्यादा त्यांनी इंधनासकट पाळली होती. हिल तेव्हा ७७ वर्षांचे होते आणि त्यांची दृष्टी जवळजवळ गेलेली होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या बाल्सा या हलक्या लाकडाच्या सांगाड्यामागचे कष्ट किती मोठे होते याची कल्पना येते.

अटलांटिकच्या या दोन्ही उड्डाणांची नावे ऐकून पुष्कळ जण थेट दुसऱ्या मार्गाकडे ओढले जातात. म्हणून नावेचा हिशेब आधी नीट मांडतो, कारण तो सहसा कोणी मांडत नाही.

डोव्हर ते फ्रान्सचा किनारा हे खाडीचे सर्वांत अरुंद अंतर सुमारे ३४ किलोमीटर आहे. दोन मीटर पंखांचे मॉडेल सावकाश म्हटले तरी तासाला चाळीस-पन्नास किलोमीटर वेगाने उडते, तर साधी मासेमारीची होडी तासाला पंधरा ते अठरा किलोमीटरच्या वर जात नाही. याचा अर्थ असा, की प्रवासाचा वेग होडीचा असतो आणि विमान सगळा वेळ तिच्याभोवती घिरट्या घालत राहते. अंतर एका तासाचे वाटले, तरी उड्डाण दोन तासांचे होते; भरती-ओहोटीच्या प्रवाहाने होडी बाजूला नेली तर त्याहूनही लांबते. वेगवान बोट घेतली तर वेळ निम्म्याहून कमी होतो, परंतु लाटांवर आपटणाऱ्या बोटीत उभे राहून ट्रान्समीटरच्या दांड्या बारकाईने हलवणे जवळजवळ अशक्य असते. त्यामुळे या मार्गाला वेगवान विमानाचा काहीच उपयोग नाही. थोड्या शक्तीत हवेत तरंगत राहणारे, मोटर असलेले ग्लायडर येथे योग्य. असे दोन किलोचे ग्लायडर समतल उड्डाणात सुमारे ६० वॅट घेत असेल, तर दोन तासांना १२० वॅट-तास आणि राखीव धरून १६० वॅट-तास ऊर्जा लागेल. लिथियम-आयनच्या चांगल्या सेलमध्ये ती पाऊण किलोच्या आसपास वजनात बसते. म्हणजे नावेच्या मार्गाला बॅटरी पुरते, आणि इंजिनाची धडधड, तेलकट धूर व हलत्या होडीत पेट्रोल हाताळण्याचा धोका हे सगळे टळते.

नावेतून उडवण्याची खरी अडचण डोळ्यांची आहे. मैदानावर झाडे, कुंपण, क्षितिजावरचे डोंगर पाहून विमान किती उंचीवर आहे याचा अंदाज आपण नकळत घेत असतो. पाण्यावर त्यातले काहीच नसते. ढगाळ दिवशी राखाडी पाणी आणि राखाडी आभाळ एकजीव झाले, की तीनशे मीटर अंतरावरचे विमान आपल्याकडे येते आहे की दूर जाते आहे हेही कळेनासे होते. पंखांच्या खालच्या बाजूला गडद नारिंगी आणि वर पांढरा रंग देणे, सूर्य नेहमी पाठीशी राहील अशी वेळ निवडणे आणि सुकाणूवरच्या माणसाखेरीज फक्त विमानाकडे पाहणारा एक जोडीदार बरोबर ठेवणे, या तीन गोष्टींत तडजोड करू नये. उड्डाणाच्या वेळी होडीची नाळ (पुढचे टोक) वाऱ्याकडे करून चालती ठेवावी. विमान हातात धरल्यावर वाऱ्याचा आणि होडीचा वेग एकत्र होऊन पंख स्वतःच वर उचलू लागतात, आणि त्या क्षणी ते फेकायचे नसते, तर नाक किंचित वर ठेवून हातातून सोडायचे असते.

ऑटोपायलटच्या मार्गात डोळ्यांचा प्रश्न उरत नाही, पण वजनाचा प्रश्न कठोर होतो. एक किलो पेट्रोलमध्ये सुमारे १२,००० वॅट-तास ऊर्जा असते. छोटे इंजिन तिच्यातला नऊ-दशांश भाग वाया घालवते असे धरले, तरी उरलेली ऊर्जा तेवढ्याच वजनाच्या बॅटरीतून पंख्याला मिळणाऱ्या ऊर्जेच्या कितीतरी पट भरते. शिवाय इंधन जळत जाते तसे विमान हलके होते, तर रिकामी बॅटरी शेवटपर्यंत वाहावी लागते. म्हणूनच शेकडो किलोमीटरचा बेत असेल तर इंजिनाला पर्याय नाही. ‘टॅम-५’च्या उड्डाणवेळच्या वजनात निम्म्याच्या आसपास इंधनच होते, आणि ते एका अमेरिकी गॅलनपेक्षा, म्हणजे पावणेचार लिटरहून कमी होते. लिटरमागे आठशे किलोमीटरच्या पुढचा हा पल्ला केवळ इंजिनाच्या बळावर आलेला नाही. त्या अक्षांशांवर पश्चिमेकडून वाहणारे वारे पाठीशी राहावेत म्हणून दोन्ही विमाने न्यूफाउंडलंडहून पूर्वेकडे सोडलेली होती. टाकी गुरुत्वमध्यावरच बसवावी लागते. अन्यथा इंधन संपत जाते तसा तोल बदलतो आणि ऑटोपायलट तासन्‌तास त्याच्याशी झगडत राहतो.

या मार्गाची खरी किंमत मात्र पैशांत किंवा वजनात नाही. ‘लायमा’बरोबर सोडलेल्या सगळ्याच विमानांना पलीकडचा किनारा दिसला नाही, आणि हिल यांच्या ‘टॅम-५’च्या आधीची विमानेही समुद्रातच गेली. नावेसोबतचे विमान पाण्यात पडले तर ते पाच मिनिटांत जाळ्याने उचलता येते, सर्वो (सुकाणू वगैरे हलवणाऱ्या छोट्या मोटरी) आणि रिसीव्हर गोड्या पाण्याने धुऊन वाळवता येतात आणि भिजलेली लिथियम बॅटरी वेगळी काढून माणसांपासून दूर, उघड्यावर ठेवता येते. ऑटोपायलटवरचे विमान गेले तर ते का गेले हेसुद्धा बहुधा कळत नाही. ज्याला पुढच्या वेळी सुधारणा करायची आहे त्याच्यासाठी हे अज्ञान विमानाच्या किमतीपेक्षा जड आहे. त्याहून गंभीर बाब अशी, की मधल्या वेळेत त्याच्या वाटेत कमी उंचीवर उडणारे हेलिकॉप्टर किंवा एखादी बोट आली, तर ते पाहून विमान वळवणारे तेथे कोणीही नसते.

भारतातील वाचकाला कायद्यानेही हा निर्णय बराच सोपा करून दिला आहे. ड्रोन नियम २०२१ नुसार मॉडेल म्हणून गणले जाण्यासाठी विमान २५ किलोपर्यंतचे, शिक्षण, संशोधन, चाचणी वा करमणुकीसाठीचे आणि नजरेच्या टप्प्यात उडवलेले असावे लागते. हिरव्या, म्हणजे परवानगी न लागणाऱ्या, क्षेत्रातली उंचीची मर्यादा १२० मीटर आहे. ऑटोपायलटवर नजरेआड पाठवलेले विमान या व्याख्येत बसतच नाही. त्यामुळे कोकणात राहणाऱ्या हौशी माणसाने नावेचाच मार्ग धरावा, असे मी निःसंकोच सांगेन. तेही डिजिटल स्काय हा ड्रोनसाठीचा सरकारी नकाशा पाहून आणि मुंबई बंदर व नौदलाच्या परिसरापासून दूर. विलायतेत किंवा कॅनडात असलेल्या मराठी माणसालाही पहिल्या प्रयत्नासाठी मी तोच मार्ग सुचवेन. ऑटोपायलटचा विचार त्यांनी अधिकृत परवानगी, अनुभवी चमू आणि दोन-तीन विमाने गमावण्याची तयारी असेल तरच करावा. कोकणात वेळ निवडताना एक सावधगिरी हवी. पहाटे समुद्र शांत असतो, परंतु तेव्हा मतलई वारा जमिनीकडून वाहतो आणि मोटर बंद पडलेले ग्लायडर तो आत समुद्राकडे नेतो. खारा वारा सुटल्यावर विमान किनाऱ्याकडे येते खरे, पण तोवर लाटा वाढलेल्या असतात. नवख्या माणसाने पहाटेची वेळच घ्यावी आणि होडी विमानाच्या समुद्राकडच्या बाजूला ठेवावी.

मार्ग कोणताही निवडला, तरी फेलसेफ (संपर्क तुटल्यावर विमानाने आपोआप काय करायचे याची आधीच केलेली योजना) त्यानुसार बदलावे लागते आणि ही गोष्ट मैदानावरच तपासून घ्यावी. नावेसोबतच्या विमानाचा रेडिओ-संपर्क तुटला तर मोटर बंद होऊन सुकाणू एका बाजूला थोडे वळलेले राहिले पाहिजे, म्हणजे ते मोठ्या वर्तुळात उतरत होडीच्या आसपासच पाण्यावर येईल. ऑटोपायलटवरच्या विमानात याच्या नेमके उलट हवे: संपर्क तुटणे तेथे ठरलेलेच असते, म्हणून त्या क्षणी इंजिन चालू राहून ताबा ऑटोपायलटकडे गेला पाहिजे, आणि पलीकडच्या माणसाचा ट्रान्समीटर सलग काही सेकंद स्पष्ट मिळाल्याशिवाय तो ताबा परत सुटता कामा नये.