पडवीतले दोन ग्लास

मार्चमधली दुपार होती, घरात मी आणि सासूबाई दोघीच. गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक मुलगा पडवीत येऊन म्हणाला, "पाणी तपासायला आलोय." आम्हाला वाटलं, ग्रामपंचायतीकडून आला असेल. तसं तो म्हणाला नव्हता, पण आमचा गैरसमज त्याने दूरही केला नाही. गुहागर तालुक्यातल्या वाड्यांमधून अशी माणसं अजून फिरताहेत, म्हणून सगळं लिहिते आहे.

त्याने दोन ग्लास मागितले. एकात आमच्या विहिरीचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या बाटलीतलं. पिशवीतून सळयांचं एक यंत्र काढून दोन्ही ग्लासांत बुडवलं आणि वायर प्लगमध्ये खोचली. थोड्याच वेळात आमचा ग्लास हिरवट झाला, मग तपकिरी, आणि वर शेवाळासारखा साका तरंगायला लागला. त्याचं पाणी जसंच्या तसं नितळ. "हे रोज पोटात जातं, काकू." माझी मुलगी तेवढ्यात शाळेतून येऊन शेजारीच उभी होती. सकाळी त्याच विहिरीचं पाणी मी तिच्या शाळेच्या बाटलीत भरून दिलं होतं. मला दुसरं काही सुचेचना.

मग पेनाएवढा मीटर निघाला. आमचं पाणी ९२, त्याचं १४. आकडा मोठा म्हणजे घाण जास्त, असं त्याने सांगितलं आणि आम्ही मान डोलावली.

तो विकत होता ते पाणी शुद्ध करायचं आरओ मशीन साडेअठरा हजारांचं. एवढे नाहीत म्हटल्यावर त्याची नजर चुलीशेजारच्या तांब्याच्या हंड्यावर गेली. "ही जुनी भांडी आतून कळकतात, पाण्याला वाईटच. ती द्या, पंधराशे कमी करतो." हंडा गेला, दोन कळश्याही गेल्या. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "अगो, माझ्या लग्नातला आहे तो." मी त्यांची समजूत काढली. बदल्यात 'शुद्ध तांब्याची' एक बाटली भेट मिळाली. मोडीच्या भावानेसुद्धा आमच्या भांड्यांचे कितीतरी जास्त पैसे आले असते, हे नंतर कळलं.

मे महिन्यात तोच मुलगा शेजारच्या घरी आला. त्यांच्याकडे सुट्टीला आलेले भावजी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतात. त्यांनी सगळा खेळ शांतपणे बघितला आणि म्हणाले, "आता तुमच्याच पाण्यात चिमूटभर मीठ घालून लावा बघू." मुलगा टाळायला लागला. भावजींनी स्वतःच मीठ टाकलं. बघता बघता ते 'शुद्ध' पाणी विहिरीच्या पाण्यापेक्षाही काळपट झालं. मुलाने यंत्र पुसलंसुद्धा नाही, तसंच पिशवीत कोंबून निघाला.

रंग पाण्यातला नसतोच, तो सळईचा असतो. त्यातल्या काही सळया लोखंडाच्या असतात. त्यांतून वीज वाहिली की लोखंड झिजून पाण्यात उतरतं आणि त्याचाच हिरवा-तपकिरी साका होतो. पाण्यात क्षार असले तरच वीज नीट वाहते. आरओच्या पाण्यातले क्षार काढलेले असतात, म्हणून ते नितळ राहतं. मीटरही फक्त विरघळलेले क्षार मोजतो, जंतू नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात क्षारांची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. आमचं ९२! जांभ्या दगडातल्या विहिरींचं पाणी बहुतेक असं हलकंच असतं. खाडीकाठी मचूळ पाणी असेल तर आरओचा उपयोग आहे, आम्हाला नव्हता. उलट एक लिटर पाण्यामागे तीनेक लिटर मोरीत जात होतं, तेही विहिरीने तळ गाठलेल्या एप्रिल-मेमध्ये.

खरा धोका पावसात आला. जुलैत पाणी गढूळ झालं आणि नेमकी तेव्हाच चार दिवस वीज नव्हती. मशीन बंद. त्याच्या टाकीत साठलेलं पाणी आम्ही विश्वासाने पीत राहिलो. सासूबाईंना जुलाब झाले, सलाईन लावावं लागलं. कशामुळे झाले, ते ठामपणे नाही सांगता येणार. पण ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकांनी आमच्या विहिरीचं पाणी जंतू तपासायच्या छोट्या बाटलीत भरून ठेवलं, तेव्हा ते दुसऱ्या दिवशी काळं झालं होतं. हे काळं मात्र खरं, म्हणजे पाण्यात जंतू होते. मग विहिरीत जंतू मारायची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकली.

भेटीच्या बाटलीला आतून पांढुरके चट्टे पडले. फ्रिजवरचं लोहचुंबक लावून बघितलं, तर चिकटलं. तांब्याला लोहचुंबक चिकटत नाही. वर नुसता मुलामा होता. मुलगी त्यात कोकम सरबत नेत होती. आंबट पदार्थ खऱ्या तांब्यातसुद्धा ठेवायचे नसतात, इथे तर आत काय होतं कोण जाणे.

आता पाणी दुहेरी फडक्याने गाळतो, खळखळून उकळलं की मिनिटभर तसंच उकळत ठेवतो आणि झाकण-तोटीच्या स्टीलच्या पिंपात भरतो. आत कुणाचा हात जात नाही.

पावतीवर जीएसटी क्रमांक नव्हता, फोन बंद आहे. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार दिली आहे. तुमच्या पडवीत कुणी सळया बुडवायला लागला तर मीठ मागा आणि पाणी तपासायला ग्रामपंचायतीत न्या.

आणखी एक. हंड्याच्या गळ्याजवळ १९६१ कोरलेलं आहे आणि एका बाजूला लहानसा पोचा आहे. चिपळूण-गुहागरकडे मोडीच्या दुकानात कुणाला दिसला तर कृपा करून कळवा. पडेल ती किंमत देऊन घेईन.