सॅम्पल फोमचं दाखवलं, ट्रेलरमध्ये प्लाय बसवला

कॅम्पर ट्रेलरचं फर्निचर कोणाला करायला देणार असाल तर प्लीज हे वाचून मग ॲडव्हान्स द्या. आम्ही एक लाख वीस हजार देऊन बसलोय.

ट्रेलर छोटाच आहे, कारमागे ओढायचा, भरून एकूण 750 किलोच्या वर न्यायचा नाही असा. रिकामा काट्यावर 410 भरला होता. म्हणजे फर्निचर, पाणी, गॅस, अंथरूण-पांघरूण सगळं मिळून 340 मध्ये बसवायचं, त्यामुळे वजन हाच पहिला विषय होता आणि पुण्याजवळच्या त्या फॅब्रिकेटरला मी पहिल्या फोनपासून हेच सांगत होतो. तो म्हणाला, सर काळजीच करू नका, आपण सँडविच पॅनल करू, दोन्ही बाजूला तीन एमएम प्लाय आणि मधे निळा फोम, जाडी अठरा एमएम दिसेल पण वजन निम्म्यावर. फूटभर बाय फूटभर सॅम्पल हातात दिलं. इतकं हलकं की माझ्या मुलीने दोन बोटांत धरून घरभर फिरवलं. बेड, खालचे ड्रॉवर, छोटं किचन, वरची कपाटं धरून शंभर किलोच्या आत बसवतो म्हणाला. कोटेशन 1,65,000. पक्कं बिल मागितलं तर म्हणे जीएसटी वाढेल सर, कच्च्यावर करू. तिथेच मी थांबायला हवं होतं. ऐंशी हजार यूपीआयने दिले, चाळीस रोख.

काम चालू असताना तो रोज व्हॉट्सॲपवर फोटो पाठवायचा, पण सगळे सनमायका मारून झाल्यानंतरचे. पॅनल कापताना किंवा फोम चिकटवताना एकही नाही. फिनिशिंग एकदम मस्त, बीडिंग गुळगुळीत, आम्ही खुश.

पहिलीच ट्रिप कोल्हापूरहून गणपतीपुळे, आई-बाबा पण बरोबर. आंबा घाट उतरायला लागलो आणि मागून ट्रेलर डावी-उजवीकडे झुलायला लागला, स्टिअरिंग हातात हलतंय, मी पंचवीसच्या स्पीडने गाडी खाली आणली, आई मागे जप करत होती. खाली उतरून बघतो तर दोन ड्रॉवर चॅनलसकट बाहेर आलेले, भांडी सगळीकडे. ती रात्र आठवली की अजून पोटात गोळा येतो.

परत आल्यावर सगळं सामान उतरवून वजनकाट्यावर नेला. 650. म्हणजे नुसतं फर्निचर 240 किलो! त्यात चाळीस लिटरची पाण्याची टाकी आणि किचन त्याने एकदम मागच्या टोकाला बसवलेलं. ट्रेलरच्या एकूण वजनातलं साधारण दहा ते पंधरा टक्के पुढे हुकवर यायला पाहिजे, नाहीतर तो झुलतोच. मी टाकी भरून, स्टुलावर घरचा वजनकाटा ठेवून पुढचा दांडा त्यावर टेकवला तर जेमतेम पंचवीस किलो, यायला पाहिजे होतं सत्तरच्या आसपास.

तरी मनात होतं की फोमचं वजन त्याने चुकीचं धरलं असेल. मग मोबाईल चार्जिंगचं सॉकेट बसवायच्या निमित्ताने बेडच्या बाजूला ड्रिल मारला. निळा भुगा यायला पाहिजे ना? लाल-तपकिरी लाकडाचा भुगा आला, आरपार. अजून तीन ठिकाणी मारला, सगळीकडे तेच. साधा कमर्शियल प्लाय, तो पण मधे पोकळ राहिलेला, आणि सिंकखालचा पॅनल एका ट्रिपमध्ये फुगून बीडिंग सुटलेलं. फोन केला तर आधी म्हणाला काटा चुकीचा असेल, मग फोन उचलणंच बंद.

म्हणून सांगतो, सॅम्पल घरच्या किचनच्या काट्यावर ठेवा. अठरा एमएम साधा प्लाय एक स्क्वेअर फूट साधारण एक किलो भरतो, फोमवालं त्याच्या निम्म्याच्या आसपास, आणि तयार झालेल्या फर्निचरचं एक शटर काढून तेच मोजा, दोन मिनिटांचं काम आहे. कोटेशनवर मटेरियल, जाडी आणि एकूण किलो लिहून सही घ्या. सनमायका चढायच्या आधी स्वतः वर्कशॉपला जा, कितीही लांब असलं तरी. शेवटचा हप्ता काट्याची पावती बघून द्या, डिलिव्हरीच्या दिवशी नको, आणि टाकी कुठे येणार ते ड्रॉइंगवर आधी बघा, चाकाच्या वर किंवा जरा पुढे.

1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार दिलीय, आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करतोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, पण दोन वर्षांच्या आत करावा लागतो. यूपीआयच्या नोंदी, चॅट, दोन्ही वेळच्या काट्याच्या पावत्या जोडल्यात. आणि ते सॅम्पल त्याने परत मागितलंच नव्हतं, मागच्या बाजूला त्याच्याच वर्कशॉपचं स्टिकर आहे, वजन 460 ग्रॅम. तेही पिशवीत घालून सोबत नेणार आहे.