डीकेई ३८ : नऊ महिने वापरल्यावर

डीकेई ३८ म्हणजे नाझी जर्मनीतला स्वस्त रेडिओ. परवा माझ्या संचाचा व्हीसीएल ११ हा व्हॉल्व्ह (आतली काचेची नळी) दुसऱ्यांदा गेला, म्हणून लिहायला बसलोय. ज्यांच्याकडे हा संच आहे त्यांना हे दुखणं माहीत असणारच. अख्खा रेडिओ दोन व्हॉल्व्हवर चालतो. त्यातला व्हीवाय २ कुठेही मिळतो, पण व्हीसीएल ११ ला विकणारा तोंडाला येईल तो भाव सांगतो. मी मागच्या वेळी ७५ युरो मोजले. अख्खा रेडिओ लाइपझिगच्या जुन्या बाजारात ८० युरोला घेतला होता, तोही ११० वरून घासाघीस करून. समोरच्या गरुडाखालच्या स्वस्तिकावर विक्रेत्याने कागदी चिकटपट्टी लावली होती, कारण इथे जर्मनीत ते चिन्ह उघड मांडणं गुन्हा आहे. मी ती पट्टी काढलेली नाही आणि काढणारही नाही.

१९३८ मध्ये हाच रेडिओ ३५ मार्कांना मिळायचा. त्याआधीचा व्हीई ३०१ हा ७६ मार्कांचा होता. त्या नावातला ३०१ म्हणजे ३० जानेवारी, हिटलर चान्सलर झाला ती तारीख. ७६ वरून ३५ वर किंमत आणताना काय काय काढलं ते उघडल्यावर दिसतं. मागचं झाकण पुठ्ठ्याचं आहे. ट्रान्सफॉर्मर नाहीच, त्यामुळे आतल्या भागांवर थेट विजेचा दाब येतो. संच घरच्या विजेपासून अलग ठेवणारा बाहेरचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावल्याशिवाय मागे हात घालू नका. मला एकदा चांगलाच झटका बसला आहे.

दुरुस्तीचा अनुभव वाईट. पहिल्या महिन्यात एका दुकानात दिला, तेव्हा स्पष्ट सांगितलं होतं की कंडेन्सर बदला, बाकी काही हलवू नका. १४५ युरो घेतले आणि परत आणला तर एरियलच्या तारा कापलेल्या आणि आत ब्लूटूथची पट्टी बसवलेली. ‘मिडियम वेव्हवर आता ऐकायला काय उरलंय?’ असं मला तोंडावर सांगितलं. मी भांडलो, ४० युरो परत मिळवले आणि त्या तारा चार रविवार घालवून स्वतः जोडल्या. डबा जुना आणि आवाज फोनचा, यासाठी मी हा घेतलाच नव्हता.

दुकानदाराचं अर्धं खरं होतं, हे मात्र मानायला हवं. जर्मनीतली सार्वजनिक केंद्रं मिडियम आणि लाँग वेव्हवरून गेली आहेत. डॉइचलांडफुंक या केंद्राने लाँग वेव्ह २०१४ च्या अखेरीस आणि मिडियम वेव्ह २०१५ च्या अखेरीस बंद केली. म्हणजे आज हा संच लावला की जवळपास जे काही ऐकू येतं ते परदेशी असतं. माझ्याकडे दिवसा लाँग वेव्हवर पोलंड लागतं. रात्री मिडियम वेव्हवर स्पेन, रोमानिया आणि हवा चांगली असली तर लंडनही लागतं.

इथेच माझं मत बदललं. घेताना मी इतरांसारखंच समजत होतो की या रेडिओची रचनाच अशी केली होती की परदेशी केंद्र लागूच नये. पहिल्या दोन महिन्यांत मी तसं चार जणांना सांगूनही टाकलं. ते चूक आहे. बाल्कनीतून बारा मीटर तार सोडली, नळाला अर्थिंग दिलं, आणि रात्री साडेदहाला इंग्रजी बोलणं स्वच्छ आलं. शॉर्ट वेव्ह नाही, तबकडीवर केंद्रांची नावं नाहीत, नुसते आकडे आहेत, संवेदनशीलता बेताचीच. हे सगळं खरं. पण लंडन लागतं. युद्धात बीबीसीचं जर्मन प्रसारण मिडियम वेव्हवरही असायचं, आणि अनेकांनी ते याच काळ्या डब्यांवर ऐकलं.

मग अडवणूक कुठे होती? माझ्या मते एका घुंडीत, आणि ती आहे रिअ‍ॅक्शनची.

ज्यांनी असा संच वापरला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. लांबचं केंद्र पकडायचं तर ही घुंडी हळूहळू वाढवत न्यावी लागते. आवाज फुगत जातो, फुगत जातो, आणि केसभर पुढे गेलं की कर्कश शिटी सुरू होते. स्थानिक केंद्राला याची गरज नाही, ते आपोआप लागतं. लांबचं केंद्र मात्र शिटीच्या अगदी काठावरच मिळतं. मला अजूनही दर वेळी दोन-तीन शिट्या वाजवल्याशिवाय लंडन सापडत नाही. एकदा रात्री अकराला भिंतीपलीकडच्या बाई दार ठोठावून विचारून गेल्या, सगळं ठीक आहे ना, कसली शिटी वाजतेय.

त्यानंतर एक प्रयोग केला. सासऱ्यांनी मिरजेहून आणलेला छोटा ट्रान्झिस्टर स्वयंपाकघरात त्याच केंद्रावर लावला आणि मुलाला तिथे बसवलं. इकडे दिवाणखान्यात मी रिअ‍ॅक्शन वाढवली. मुलगा ओरडला, ‘बाबा, हा पण शिटी मारतोय!’ असा संच शिटी मारू लागला की तोच एरियलमधून लहरी बाहेर फेकतो आणि आसपासचे रेडिओही किंचाळतात. मी खुर्चीवर बसूनच राहिलो. परदेश ऐकायचा म्हणजे आपण काय करतोय ते शेजाऱ्याच्या रेडिओवर वाजवून दाखवायचं! कुणी हे मुद्दाम केलं होतं असं मी म्हणत नाही. स्वस्त रेडिओ त्या काळी सगळीकडे असेच बनत. पण ३५ मार्कांच्या स्वस्ताईचा आणि भीतीचा असा मेळ बसला होता.

भीती खरीच होती. १ सप्टेंबर १९३९ च्या हुकुमाने परदेशी केंद्र ऐकणं हा सक्तमजुरीचा गुन्हा झाला, आणि ऐकलेलं दुसऱ्याला सांगितलं तर फाशीपर्यंत शिक्षा होऊ शकत होती. रेडिओच्या घुंडीला अडकवायचं भोकाचं पुठ्ठ्याचं कार्ड निघालं, त्यावर हीच ताकीद. म्हणजे केंद्र बदलायला हात पुढे केला की आधी बोटांना ते कार्ड लागणार. गेस्टापोची, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांची, माणसं घरोघरी पुरण्याइतकी नव्हती. कितीतरी प्रकरणं शेजारी, सहकारी, कधी घरच्याच माणसांनी दिलेल्या खबरीवर उभी राहिली. ज्यूंचे तर रेडिओच त्या सप्टेंबरात योम किप्पूरच्या, त्यांच्या सर्वांत पवित्र, दिवशी काढून घेतले. हाम्बुर्गचा हेल्मुट ह्युबेनर घरी आलेल्या शॉर्ट वेव्ह रेडिओवर बीबीसी ऐकून पत्रकं टंकायचा. २७ ऑक्टोबर १९४२ रोजी बर्लिनच्या प्लोट्झेनझे तुरुंगात त्याचा शिरच्छेद केला. तो १७ वर्षांचा होता. माझा मुलगा १४ चा आहे.

सोव्हिएत संघात घराघरात तारेने जोडलेला भोंगा असे, त्यावर केंद्र बदलायची सोयच नव्हती. जर्मन डब्याला मात्र तबकडी होती. परदेश लागू शकत होता आणि तरी कितीतरी लोकांनी तबकडी हलवली नाही, याचा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

आणखी एक गोष्ट मला आधी ठाऊक नव्हती आणि ती मला या संचापेक्षा जास्त बोचली. जर्मन रेडिओ सरकारच्या ताब्यात नाझींनी आणला असं मी धरून चाललो होतो. खरं तर १९३२ मध्येच, तेव्हाचा चान्सलर पापेन याच्या सरकारने तो पूर्णपणे सरकारी करून ठेवला होता. हिटलरला काही महिन्यांत सगळं तयार ताटात मिळालं. ३० जानेवारी १९३३ च्या रात्रीची मशालींची मिरवणूक रेडिओवर ऐकवली गेली, ती याच यंत्रणेवरून. तेव्हा सुमारे ४३ लाख परवाने होते. १९४१ पर्यंत ते दीड कोटीच्या वर गेले. महिन्याला दोन मार्क परवान्याचे. आपल्याकडेही रेडिओचं लायसन्स पोस्टात भरायला लागायचं. वडिलांचं ते पुस्तक अजून सांगलीच्या घरी कपाटात आहे.

या डब्याला लोक ‘गोबेल्सचं थोबाड’ म्हणायचे. आवाज तसाच आहे, नाकातला आणि पत्र्यासारखा. संगीत ऐकू नका. पण बोलणं शब्दन् शब्द पोचतं. कुमार गंधर्वांचं एक ध्वनिमुद्रण मी छोट्या ट्रान्समीटरवरून वाजवून पाहिलं आणि अर्ध्यात बंद केलं.

घ्यावा का? व्हीसीएल ११ च्या किमतीचा विचार करता नका घेऊ. मला विकायचाही नाही. नवा व्हॉल्व्ह शोधतोय, ६० युरोच्या आत कुणाकडे असेल तर कळवा. तोवर तार बाल्कनीतच ठेवली आहे, आणि भिंतीपलीकडच्या बाईंना सांगून ठेवलंय की रात्री शिटी आली तर मी लंडन शोधतोय.