डोंगर दरवर्षी जळत असेल तर: नवी रोपं लावायची की जुनी फूट राखायची?

मे संपत आला की मुलुंड, बोरिवली, ठाण्याच्या सोसायट्यांमध्ये बैठका सुरू होतात: यंदा मागच्या डोंगरावर किती झाडं लावायची? रोपं कुठून आणायची, खड्डे कोण खणणार, सगळं ठरतं. डोंगर शेवटचा कधी जळला आणि त्याच्या आधी कधी, हे मात्र कुणी विचारत नाही. मुलुंडच्या डोंगरावर मी सलग चार पावसाळे रोपं लावली आणि चारही उन्हाळ्यांत वणव्यानंतर त्यांच्या काळ्या काड्या पाहिल्या. म्हणून यंदा पैसे आणि माणसं कुठे लावायची हे ठरवणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. पर्याय दोन आहेत. जूनमध्ये नवी रोपं लावायची, किंवा तेच बळ पावसाळा संपताना वापरून डोंगरात आधीच असलेल्या खुंटांची फूट, म्हणजे त्यांना येणारे नवे धुमारे, वणव्यापासून वाचवायची.

गवताची आग भराभर पुढे सरकते. जमिनीखाली दोन-तीन सेंटिमीटरवर तिची धग फारशी पोचत नाही. त्यामुळे पळस, ऐन, कुंभा, टेंभुर्णी यांचा वरचा भाग जळतो, पण मूळ जिवंत राहतं. पाऊस पडला की त्याच खुंटाला चार-पाच धुमारे येतात, फेब्रुवारीत ते जळतात, जूनमध्ये पुन्हा येतात. गुडघ्याएवढा दिसणारा पळस खरं तर कैक वर्षांचा असू शकतो. सव्हानाचे, म्हणजे विखुरलेली झाडं असलेल्या गवताळ प्रदेशांचे, अभ्यासक याला आगीचा सापळा म्हणतात. शेंडा ज्वाळांच्या वर जाईपर्यंत आणि साल जाड होईपर्यंत झाडाला मधली काही वर्षं बिनआगीची मिळावी लागतात. एका वणव्याने जंगल संपत नाही. दोन वणव्यांमधलं अंतर किती, यावर सगळं अवलंबून असतं.

हे आफ्रिकेत फार धीराने तपासलं गेलं आहे. दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात 1954 पासून जमिनीचे तुकडे आखून काही दरवर्षी, काही दोन-तीन वर्षांआड जाळले गेले आणि काही आगीपासून पूर्ण राखले गेले. सतत जळणाऱ्या तुकड्यांत झाडांची संख्या वाटते तितकी घटली नाही. त्यांची उंची मात्र खुंटली. जास्त पावसाच्या भागात हा फरक ठळक दिसला, कोरड्या भागात कमी. नायजेरियात ओलोकेमेजीला 1929 पासून चाललेल्या प्रयोगात जाळण्याचा हंगाम बदलून पाहिला. गवत अर्धवट हिरवं असताना लावलेली आग सौम्य राहिली आणि बरीच झाडं टिकली. उन्हाळ्याच्या शेवटी लावलेल्या आगीने झाडं विरळ केली. न जाळलेल्या तुकड्यात दाट जंगल उभं राहिलं. आपल्याकडचे बहुतेक वणवे फेब्रुवारी ते मे या काळातले, म्हणजे यातल्या सर्वांत वाईट प्रकारात मोडणारे. नुकसान मातीतही साठत जातं. जगभरच्या अशा जागांचा एकत्र हिशेब केला तेव्हा सव्हाना गवताळ प्रदेश आणि रुंदपर्णी जंगलांत, वारंवार जळणाऱ्या जमिनीच्या वरच्या थरात 64 वर्षांनी, आगीपासून राखलेल्या जमिनीच्या तुलनेत, कार्बन 36 टक्के आणि नायट्रोजन 38 टक्के कमी भरला.

आता दोन्ही पर्याय शेजारी ठेवून बघा. पिशवीतल्या रोपाचं मूळ पिशवीएवढंच असतं आणि साल कागदासारखी. पहिल्याच वणव्यात ते मुळासकट जातं. खुंटाखाली अन्नाचा साठा तयार असतो, म्हणून त्याची फूट एका पावसाळ्यात रोपाच्या कितीतरी पुढे जाते. तिला पाणी घालावं लागत नाही, आणि ती झाडं त्याच डोंगराची असतात. सलग तीन-चार वर्षं आग थोपवता येईल अशी खात्री असेल तर रोपं लावा, पण तशी खात्री असेल तर फूटही झाड होईलच. खात्री नसेल तर फूट निदान पुढच्या जूनमध्ये पुन्हा उठते, रोप उठत नाही. माझा कौल फुटीला आहे.

राखायचं कसं, हे जरा सविस्तर सांगते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, गवत पूर्ण वाळण्याआधी, रस्त्याच्या आणि पायवाटेच्या कडेने रुंद पट्टा कापून काढायचा आणि कापलेलं गवत उचलून न्यायचं. ते तिथेच पडून राहिलं तर पट्ट्याचा काही उपयोग नाही. रानमोडी आणि घाणेरीची जाळी आधी काढा, कारण त्यांच्या वाळक्या काड्यांवरून ज्वाळा फांद्यांपर्यंत चढतात. हिवाळ्यात आपण स्वतः पट्टा जाळावा असं कुणी सुचवलं तर ठाम नाही म्हणा. राखीव वनात आग लावणं 1927 च्या भारतीय वन कायद्याने गुन्हा आहे आणि अभयारण्यात 1972 च्या वन्यजीव कायद्याने. जाळरेषा, म्हणजे आग अडवायला आधीच जाळून मोकळा केलेला पट्टा, वनविभागाने जाळायची. आपण त्यांना विचारून गवत कापायचं आणि फेब्रुवारीपासून पाळीपाळीने डोंगरावर नजर ठेवायची. झाडांची सावली जमिनीच्या साधारण 40 टक्के भागावर आली की गवत तुटक होतं आणि आग पसरायला अडखळते, असं आफ्रिकेतल्या सव्हानात आढळलं आहे. तिथवर पोचणं हेच ध्येय ठेवा.

रोपं लावावीत अशा जागाही आहेतच. जुनी दगडखाण, भराव टाकलेला उतार, जिथे खुंटच उरलेले नाहीत, तिथे लावा आणि पहारा द्या.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आफ्रिकेत वर्षाला साधारण 650 मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस असेल तिथे पाऊसच झाडांना आवर घालतो. त्याहून जास्त असेल तिथे आग आणि चराई. मुंबईत 2000 मिलिमीटरहून जास्त पडतो. म्हणजे आपले उघडे डोंगर बरेचसे आगीने आणि तोडीने उघडे ठेवलेले आहेत. पण हा हिशेब सोलापूर-अहिल्यानगरच्या माळरानावर नेऊ नका. ते मोडलेलं जंगल नाही, ते माळरानच आहे आणि तिथे दाट झाडी लावणं हे त्याचं नुकसान आहे. मुंबईतही पातळ मातीच्या कातळावर झाडाचा हट्ट नको. तिथलं गवत, कळलावीचे कंद यांची जागा त्यांनाच राहू द्या.

ठरवण्याआधी एक काम करा. पहिला पाऊस होऊन पंधरा दिवस झाले की डोंगरावर दहा बाय दहा मीटरचे चार-पाच चौकोन दोरीने आखा आणि जुन्या खुंटावरून फुटलेली झाडं मोजा. आम्ही मोजली तेव्हा पहिल्याच चौकोनात अकरा निघाली, त्यातले सात पळस. एका चौकोनात पाच-सहा जरी सापडली तरी मी तिथे खड्डा खणणार नाही. पाचव्या वर्षी आम्ही रोपांचे पैसे विळ्यांवर आणि गवत वाहून नेणाऱ्या टेम्पोवर खर्च केले.