ठाण्यातील कीबोर्डिंगचा साठ तासांचा अभ्यासक्रम : इंग्रजीत प्रथम श्रेणी, मराठीत नापास

तुर्भ्याच्या औद्योगिक वसाहतीतील पॅकेजिंग साहित्याच्या एका छोट्या कंपनीत मी गेली चौदा वर्षे कार्यालयीन काम पाहते. दरपत्रके, थकबाकीची स्मरणपत्रे, वाहतूकदारांना द्यायची पत्रे, बैठकांची इतिवृत्ते असे सगळे माझ्याच हातून जाते, आणि हे सारे मी इतकी वर्षे दोन बोटांनी, मान खाली घालून टाइप करत आले. मानेचे दुखणे डॉक्टरांपर्यंत गेल्यावर मात्र ठाणे स्थानकापासून चालत जाण्याजोग्या अंतरावरच्या एका महाविद्यालयाने नोकरदारांसाठी संध्याकाळी सुरू केलेल्या ‘कीबोर्डिंग व बिझनेस डॉक्युमेंट प्रोसेसिंग’ या अभ्यासक्रमाला मी नाव घातले. आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी दोन तास, असे दहा आठवडे. शुल्क ४,८०० रुपये, त्यात पुस्तकाची छायाप्रत धरलेली.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण माझ्या तुकडीतील दोन मुलींचा याबाबत गैरसमज झाला होता. शासकीय भरतीत लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठीत मिनिटाला ३० किंवा इंग्रजीत ४० शब्दांची अट असते आणि तिथे प्रमाणपत्र लागते ते महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या परीक्षेचे. महाविद्यालयाचे प्रमाणपत्र त्या जागी चालत नाही. ज्यांना तेच हवे आहे त्यांनी मान्यताप्राप्त टंकलेखन संस्थेचा रस्ता धरावा. प्रवेशाच्या खिडकीवर हे कोणी आपणहून सांगत नाही.

पहिले चोवीस तास केवळ बोटांसाठी आहेत. एफ आणि जे या कळांवरचे बारीक उंचवटे चाचपून बोटे बसवायची आणि ‘ए एस डी एफ जी एफ, सेमीकोलन एल के जे एच जे’ हीच ओळ डोळे पडद्यावर ठेवून पानभर उतरवायची. आमच्या मॅडमनी पहिल्याच दिवशी प्रत्येकाच्या हातांवर एक कोरा कागद आडवा चिकटवला. माझ्या वाट्याला आलेल्या कळफलकावरची निम्मी अक्षरे झिजून पुसली गेली होती, त्यामुळे मला कागदाचीही गरज उरली नाही. प्रयोगशाळेच्या दुरवस्थेचा एवढा एकच फायदा मला झाला. पहिल्या आठवड्यात माझा वेग १९ शब्दांवरून ११ वर घसरला. त्या आठवड्यात कचेरीतही नव्या पद्धतीनेच टाइप करायचे ठरवल्यामुळे साहेबांची बोलणी खाल्ली ती वेगळीच. चौथ्या आठवड्यात मी जुन्या वेगावर परतले आणि शेवटच्या चाचणीत ४० च्या थोडी पुढे गेले.

वेगाची मोजणी येथे नीट शिकवतात, ही या अभ्यासक्रमाची जमेची बाजू आहे. पाच ठोके म्हणजे एक शब्द, मग त्यात मोकळी जागाही आली. शेवटच्या चाचणीत पाच मिनिटांत माझे १,०५० ठोके पडले, म्हणजे २१० शब्द. त्यातून न सुधारलेल्या सहा चुका वजा करून उरलेल्या २०४ ला पाचाने भागले की निव्वळ वेग ४०.८. हे गणित हातात आल्यावर माझ्या लक्षात आले की माझा वेग बोटांमुळे नव्हे, तर चूक पुसायला मागे जाण्याच्या सवयीमुळे अडकला होता. मागे जाण्याची कळ न वापरता सलग टाइप करण्याचा सराव मॅडमनी रोज दहा मिनिटे करून घेतला. तो अत्यंत कंटाळवाणा होता आणि सर्वांत उपयोगी पडला.

दुसऱ्या भागाकडून, म्हणजे दस्तऐवजांकडून, मला फारशी अपेक्षा नव्हती, कारण पत्रे मी चौदा वर्षे करतच होते. मॅडमनी प्रत्येकाला स्वतःच्या कचेरीतले एक पत्र पेनड्राइव्हवर आणायला सांगितले आणि माझे पत्र मोठ्या पडद्यावर वर्डमध्ये उघडून कंट्रोल, शिफ्ट आणि आठ या कळा एकदम दाबल्या. या कळांनी एरवी न दिसणाऱ्या खुणा दिसू लागतात : प्रत्येक मोकळ्या जागेचा ठिपका, प्रत्येक टॅबचा बाण. माझ्या पत्रात बाण एकही नव्हता. दिनांक उजवीकडे सरकवण्यासाठी मी दिलेल्या ५३ मोकळ्या जागा रांगोळीच्या ठिपक्यांसारख्या ओळीने उभ्या होत्या, आणि सही पानाच्या तळाशी जावी म्हणून अकरा वेळा दाबलेले एंटर त्याखाली ताटकळत होते. मजकुरात एक ओळ वाढली की माझी सही दुसऱ्या पानावर का पळते, याचे उत्तर मला त्या पडद्यावर मिळाले. वर्ग हसला, मीही हसले, पण त्या संध्याकाळी मी उजव्या बाजूचा टॅब आणि परिच्छेदाआधीचे अंतर या दोन गोष्टी शिकले आणि घरी परतताना आमच्या सर्व नमुना-पत्रांची मनातल्या मनात डागडुजी सुरू केली. ‘रु.’ एका ओळीच्या शेवटी आणि रक्कम पुढच्या ओळीच्या आरंभी, असे होऊ नये म्हणून दोहोंच्या मध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि स्पेस वापरून न तुटणारी जागा द्यावी, हेही तेव्हाच कळले. एवढ्या साध्या गोष्टीवाचून माझी काय काय दरपत्रके गेली असतील, हा विचार नकोसा वाटतो.

मेल मर्जचा, म्हणजे एकाच पत्रात यादीतली नावे व रकमा आपोआप भरून घेण्याचा, धडा वर्गात काल्पनिक नावांवर झाला आणि सोपा वाटला. खरी परीक्षा कचेरीत झाली. थकबाकी असलेल्या ६२ ग्राहकांची स्मरणपत्रे एक्सेलच्या यादीवरून काढली, तेव्हा १,२५,००० ही रक्कम स्वल्पविराम गाळून १२५००० अशी उतरली, आणि ५ जून ही देय तारीख महिना आधी लिहिण्याच्या पद्धतीने ६/५ अशी आली, म्हणजे आपल्या वाचनाप्रमाणे ६ मे. सुदैवाने छापण्यापूर्वी एक पत्र नजरेखाली घातले होते. पुढच्या वर्गात हे सांगितल्यावर मॅडमनी ठरलेला पाठ बाजूला ठेवला आणि पत्रात येणारी तारीख व रक्कम एक्सेलमध्येच वेगळ्या स्तंभात मजकूर म्हणून कशी तयार ठेवायची, ते अर्धा तास दाखवले. शिक्षिकेचा हा लवचीकपणा नसता तर मी अभ्यासक्रमाला एक श्रेणी कमीच दिली असती.

पुस्तकाबद्दल मात्र तक्रार आहे. ते अमेरिकेतील महाविद्यालयांसाठी लिहिलेले आहे आणि तिथे ते योग्यच असावे. परंतु त्यातील सर्व मांडण्या २१६ गुणिले २७९ मिलिमीटरच्या तिकडच्या कागदासाठी आहेत आणि आपण छापतो २१० गुणिले २९७ च्या ए-फोरवर. अरुंद आणि उंच कागदावर तीच मांडणी घेतली की ओळी वेगळ्या ठिकाणी तुटतात आणि पानांची संख्याही बदलू शकते. पत्त्यात राज्याची दोन अक्षरे, संबोधनानंतर अपूर्णविराम, तारखेत महिना आधी, हे सगळे गुणांसाठी तसेच्या तसे करावे लागते आणि कचेरीत जाऊन विसरावे लागते. विषय, संदर्भ आणि सहपत्रे यांच्या क्रमाने चालणारे आपले पत्र पुस्तकात कुठेही नाही.

सर्वांत मोठी निराशा मराठीची. साठांपैकी केवळ सहा तास मराठीला आहेत, आणि तेही कळफलकाच्या जुन्या रेमिंग्टन मांडणीवर व युनिकोड (प्रत्येक लिपीतील अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणारी सार्वत्रिक पद्धत) नसलेल्या जुन्या फॉन्टवर. ही मांडणी टाइपरायटरची आहे. यंत्रावर खिळे कागदावर डावीकडून उजवीकडे उमटत, म्हणून ‘कि’ लिहिताना आधी वेलांटी आणि मग क, असा क्रम होता. युनिकोडमध्ये क आधी साठवला जातो, वेलांटी नंतर. शिवाय जुना फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्याच जागा वापरतो. तो फॉन्ट समोरच्याकडे नसेल तर मराठीचा मागमूस राहत नाही. वर्गात शिकले तसे एक पत्र मी वाशीच्या बाजारातील एका व्यापाऱ्यांना पाठवले. त्यांचा फोन आला, ‘ताई, हे काय पाठवलंत? सगळी एबीसीडीची खिचडी दिसतेय.’

त्यानंतर इनस्क्रिप्ट ही युनिकोडमध्ये लिहिणारी कळफलकाची मांडणी मी स्वतःच शिकले. विंडोजमध्ये मराठी भाषा जोडली की ती मांडणी मिळते, वेगळे पैसे पडत नाहीत. स्वरचिन्हे डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताला असल्यामुळे हात आलटून पालटून चालतात. डीवर हलन्त (पाय मोडण्याची खूण), जेवर र, शिफ्टसह एनवर ळ; आणि ‘दुसऱ्या’तला ऱ हवा असेल तर शिफ्टसह जे. वर्गातील पाच ठोक्यांचा नियम मी एकदा मराठीला लावून पाहिला. ‘विद्यार्थ्यांच्या’ या एका शब्दाला सतरा ठोके पडतात, म्हणजे हिशेबात तो जवळजवळ साडेतीन शब्दांचा ऐवज आहे. मराठीत माझा वेग अद्याप २४ वर आहे, तो का, हे यावरून कोणालाही समजेल.

खुर्च्या टेबलांच्या मानाने बुटक्या आहेत, कोपर अवघडते, उशी घेऊन जावे. संगणक जुने असले तरी चालतात. शनिवारी भरपाईचा वर्ग मिळतो, हे ट्रान्स-हार्बर लोकलच्या भरवशावर येणाऱ्यांसाठी मोलाचे आहे.

इंग्रजी पत्रव्यवहार करणाऱ्या आणि आधीपासून नोकरीत असलेल्या व्यक्तीने ४,८०० रुपये खुशाल खर्च करावेत. मराठी पत्रव्यवहारासाठी येणाऱ्याने तूर्त थांबावे. शेवटच्या दिवशी अभिप्रायाच्या अर्जावर मी फॉन्टबद्दल पाऊण पान पेनाने लिहिले. मॅडमनी ते उभ्या उभ्या वाचले आणि अर्ज मला परत दिला. ‘हे टाइप करून द्या,’ त्या म्हणाल्या, ‘पण युनिकोडमध्ये. प्राचार्यांच्या फोनवर उघडलं पाहिजे.’